दोन डब्यांच्या मधला माणूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. लहानपणी विचारलं की तो म्हणायचा, "उंदरानं खाल्ली." बरीच वर्षं मला ते खरंच वाटत होतं. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदा त्यानं नीट सांगितलं. भोसरीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो पॉवर प्रेसवर कामाला होता. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस खाली येणार, तयार पीस काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. दिवसभर हेच. एकदा हात बाहेर निघायच्या आधी प्रेस खाली आला.

सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाला, "माझीच चूक रे. लक्ष नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलंय. कारण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि आमच्याकडे याच्या बरोबर उलटं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चुकीची कमांड चालवली आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस अर्धा तास बंद पाडला. मला वाटलं, गेली नोकरी. पण मीटिंगमध्ये सिनिअरनं विचारलं, "एका नवीन पोराच्या एका कमांडनं एवढं सगळं पडू शकतं, अशी सिस्टम आपण ठेवलीच कशी?" त्या दिवशी दुरुस्ती झाली ती सिस्टमची, मला कुणी चार शब्द सुनावले नाहीत.

मग प्रश्न असा पडतो, की अर्धा तास वेबसाइट बंद पडली तर आम्ही सिस्टम तपासतो, आणि माणसाची बोटं गेली तर 'लक्ष नव्हतं' म्हणून फाइल बंद करतो. असं का?

या प्रश्नाची एक जुनी आणि अगदी तपशीलवार नोंद असलेली गोष्ट आहे. ती आहे अमेरिकेतल्या रेल्वेची. तिथेही कित्येक वर्षं 'लक्ष नव्हतं' हेच उत्तर चालायचं. ते कसं बदललं, आणि बदलायला इतका वेळ का लागला, ते आज बघू.

कडी आणि पिन

१८६९चा मे महिना. अमेरिकेच्या युटा भागात प्रॉमॉन्टरी नावाच्या ठिकाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले आणि देश या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वेनं बांधला गेला. शेवटचा खिळा सोन्याचा, समारंभ, फोटो, सगळं झालं. प्रॉमॉन्टरी हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

रूळ जोडले गेले, पण डबे कसे जोडायचे? तेव्हाची पद्धत साधी होती. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक पोकळ लोखंडी तोंड. त्यात एक लांबट कडी सरकवायची आणि वरून पिन घालायची. झालं कपलिंग.

आता हे काम करणारा माणूस बघा. त्याला म्हणत ब्रेकमन. एक डबा रुळावर उभा आहे, दुसरा डबा इंजिनाच्या धक्क्यानं त्याच्याकडे येतोय. ब्रेकमन या दोघांच्या मधे उभा. कडी खाली लोंबतेय, ती हातानं उचलून समोरून येणाऱ्या तोंडात नेमकी घालायची, शेवटच्या क्षणी हात काढायचा आणि वरून पिन सोडायची. क्षणभर उशीर झाला की हात दोन लोखंडांच्या मधे. दोन्ही डब्यांची तोंडं एकाच उंचीवर असतीलच असंही नाही, कारण प्रत्येक कंपनीची बनावट वेगळी. कधी कडी वाकडी, कधी पिन भलत्याच मापाची. हेच काम रात्री कंदिलाच्या उजेडात, पावसात, बर्फात. पायाखाली रूळ आणि स्लीपर. पाय अडकला तर हाताचं सोडाच, माणूसच जायचा.

आणि कपलिंग झालं की ब्रेकमनचं दुसरं काम सुरू. तेव्हा मालगाडीला आजच्यासारखा एकत्र ब्रेक नव्हता. प्रत्येक डब्याच्या टपावर एक चाक असायचं. ड्रायव्हरनं शिट्टी दिली की ब्रेकमननी चालत्या गाडीच्या टपावरून पळत जाऊन एकेका डब्याचं चाक फिरवून ब्रेक लावायचा. हलणारी गाडी, टपावर साचलेला बर्फ, मधेच येणारा कमी उंचीचा पूल. कल्पना करा.

त्या काळाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. यार्डात नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनचे हात बघायचे. बोटं कमी असली की समजायचं, गडी अनुभवी आहे.

ही झाली सांगोवांगी. आता आकडा बघा. अमेरिकेत १८८७ साली केंद्र सरकारचा एक वाणिज्य आयोग स्थापन झाला आणि त्यानं रेल्वेची आकडेवारी गोळा करायला सुरुवात केली. जून १८८९ला संपलेल्या एका वर्षात सुमारे २,००० रेल्वे कामगार ठार आणि २०,०००हून जास्त जखमी. एका वर्षात! आणि हे फक्त कामगार, प्रवासी यात धरलेले नाहीत.

चूक कुणाची?

एवढी माणसं मरत होती तर कुणी कोर्टात गेलं नाही का? गेले की. त्यातला एक खटला फार महत्त्वाचा आहे, १८४२चा, मॅसॅच्युसेट्सचा. फारवेल नावाचा इंजिन ड्रायव्हर होता. सांधे बदलणाऱ्या दुसऱ्या कामगाराकडून चूक झाली, गाडी घसरली आणि फारवेलचा हात गेला. त्यानं कंपनीकडे भरपाई मागितली.

मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी त्याची मागणी फेटाळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : धोक्याचं काम करणाऱ्याला पगार जास्त मिळतो, म्हणजे धोक्याची किंमत पगारात आलीच. आणि चूक सहकाऱ्याची आहे, कंपनीची नाही. मग कंपनीनं का द्यायचं?

हा निकाल पुढे अनेक राज्यांच्या कोर्टांनी उचलला. त्यामुळे कामगारासमोर तीन भिंती उभ्या राहिल्या. एक, धोका माहीत असून काम घेतलंस, म्हणजे तो तू पत्करलास. दोन, सहकाऱ्याची चूक असेल तर मालक जबाबदार नाही. तीन, तुझा स्वतःचा जरासा जरी हलगर्जीपणा असेल तर भरपाई नाही.

आता ब्रेकमनला हे लावून बघा. हलत्या डब्यांच्या मधे हात घालणं हेच त्याचं काम. हात चिरडला म्हणजे त्यानं तो वेळेत काढला नाही. म्हणजे चूक त्याचीच! कामाची रचनाच अशी, की अपघात झाला तर दोष आपोआप त्याच्याच नावावर पडणार. मामाचं 'लक्ष नव्हतं' मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

यात कंपनीचं नुकसान किती? जवळपास शून्य. दुसऱ्या दिवशी दुसरा ब्रेकमन उभा. बोटांचा खर्च कंपनीच्या वहीत येतच नव्हता, तो ब्रेकमनच्या घरच्या वहीत जात होता.

कपड्यांच्या दुकानातला कारकून

यावर उपाय नव्हता का? होता, आणि ही गोष्ट त्यामुळेच जास्त बोचते.

व्हर्जिनियात अलेक्झांड्रिया नावाचं गाव आहे. तिथे इलाय जॅनी नावाचा माणूस राहायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूनं लढलेला मेजर. युद्ध हरल्यावर कपड्यांच्या दुकानात कारकुनी करत होता. रेल्वेशी किंवा इंजिनिअरिंगशी संबंध नाही. त्यानं फावल्या वेळात लाकूड कोरून कपलिंगचा नमुना बनवला आणि १८७३ साली पेटंट घेतलं.

त्याची कल्पना समजून घ्यायला दोन्ही हात लागतील. गाडी चालवत असाल तर नंतर करा! दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा आणि एका हाताचा आकडा दुसऱ्या हाताच्या आकड्यात अडकवा. आता ओढा. सुटत नाही ना? जॅनीचा कपलर म्हणजे हेच. प्रत्येक डब्याला एक लोखंडी मूठ, तिला बिजागरीवर फिरणारं एक बोट. दोन डबे एकमेकांवर आदळले की बोटं फिरून एकमेकांत अडकतात आणि आतली खिटी आपोआप खाली पडून ती पक्की होतात. सोडवायचं असेल तर डब्याच्या बाजूला उभं राहून एक दांडा उचलायचा, खिटी वर, बोट मोकळं. या कपलरला 'नकल' कपलर म्हणतात. आपली नक्कलवाली नकल नाही, इंग्रजीत नकल म्हणजे बोटाचं पेर.

म्हणजे माणसाला मधे जायची गरजच संपली. इथे कुणाला 'सावध राहा' असं सांगितलेलं नाही. जिथे धोका होता तिथून माणूसच बाजूला काढला.

ब्रेकचंही तसंच. जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुणानं १८६९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पहिल्या आवृत्तीत इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागायचा. पण पाइप फुटला तर ब्रेकच नाही. म्हणून १८७२ साली त्यानं सगळं उलटं केलं. पाइपमध्ये हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. पाइप फुटू दे, डबा तुटू दे, गाडी थांबणारच. बिघाड झाला तर सुरक्षित बाजूला व्हावा, ही कल्पना आज आम्ही सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या ऐटीत वापरतो. ती दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीखाली बसवलेली होती.

थोडक्यात, १८७३ सालापर्यंत दोन्ही उपाय हाताशी होते. मग १८८९ साली हजारो माणसं का मरत होती?

मधली वर्षं कुठे गेली?

कंपन्यांनी हे शोध वापरले की. पण आधी प्रवासी गाड्यांवर. प्रवासी मेला की पेपरात बातमी यायची, खटला व्हायचा, तिकीट खपायचं नाही. मालगाडीचा ब्रेकमन मेला तर यातलं काहीच व्हायचं नाही.

पण सगळा दोष कंपन्यांच्या कंजूसपणावर टाकला तर तो अर्धवट इतिहास होईल. एक खरी तांत्रिक अडचण होती. मालगाडीचा डबा एकाच कंपनीच्या रुळांवर फिरत नाही. आज या कंपनीच्या गाडीत, उद्या त्या. समजा एका कंपनीनं खर्च करून आपल्या सगळ्या डब्यांना जॅनी कपलर लावले. शेजारच्या कंपनीनं लावलेच नाहीत, किंवा भलतेच लावले, तर जोडायचं कसं? परत कडी, परत पिन, परत माणूस मधे. उलट अशा मिसळीत धोका वाढायचा. कपलरची पेटंटं तर हजारो निघाली होती. जो तो आपलंच घोडं पुढे दामटतोय.

म्हणजे एकट्यानं सुधारून उपयोग नाही, आणि सगळ्यांना एकत्र आणणारं कुणी नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसलेला. आणि तोवर मधे उभा कोण? ब्रेकमन.

इथे गोष्टीत येतो लॉरेन्झो कॉफिन. आयोवा राज्यातला शेतकरी, आधी शिक्षक, युद्धात सैन्याचा धर्मगुरू. रेल्वेशी त्याचाही संबंध नाही. १८७४ साली तो एका मालगाडीनं चालला होता. वाटेत एक डबा जोडायचा होता. ब्रेकमन मधे गेला आणि कॉफिनच्या डोळ्यांसमोर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. त्या हाताची बाकीची बोटं आधीच्या एका कपलिंगमध्ये गेली होती.

कॉफिननं चौकशी केली तेव्हा त्याला कळलं, यात विशेष काही नाही, हे रोजचंच आहे. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस त्या दिवसापासून या एकाच विषयाच्या मागे लागला. रेल्वे अधिकाऱ्यांच्या बैठकांत न बोलावता जायचा, लोक त्याला बाहेर काढायचे. मोठी वर्तमानपत्रं त्याचं लिखाण छापत नव्हती, मग शेतकऱ्यांच्या आणि चर्चच्या पत्रांतून लिहायचा. पत्रांवर पत्रं पाठवायचा. लोक त्याला वेडा म्हणायला लागले. १८८३ साली तो आयोवाच्या रेल्वे आयोगाचा सदस्य झाला आणि मग मात्र त्याला टाळणं अवघड झालं.

१८८६ आणि १८८७ साली आयोवातल्या बर्लिंग्टन इथे लांबलचक मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या. पहिल्या वर्षी फजिती. ब्रेकचा संदेश हवेतूनच पुढच्या डब्याकडून मागच्या डब्याकडे जायचा, त्याला वेळ लागायचा. पुढचे डबे थांबलेत आणि मागचे अजून पळतायत, अशी अवस्था. मागच्या डब्यातली माणसं धक्क्यानं अक्षरशः फेकली गेली. वेस्टिंगहाउसनं हार न मानता व्हॉल्व्ह बदलला. आता प्रत्येक डबा आपल्या जागीच हवा सोडून संदेश पुढे ढकलायला लागला. १८८७च्या अखेरीस पन्नास डब्यांची मालगाडी उतारावर बिनधक्क्याची थांबली.

त्याच सुमारास रेल्वे डबे बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या संघटनेनं जॅनीच्या धर्तीचा कपलर प्रमाण म्हणून स्वीकारला. आणि जॅनीनं एक मोठी गोष्ट केली. कपलरच्या त्या मुठीच्या बाह्य आकारावरचा पेटंटचा हक्क सोडून दिला. म्हणजे आतली यंत्रणा कुणीही हवी तशी बनवा, पण तोंड एकसारखं ठेवा, म्हणजे कुणाचाही डबा कुणाच्याही डब्याला जुळेल. आपल्या फोनचे चार्जर कधी एकमेकांना चालायचे नाहीत आणि आता चालतात, तसंच काहीसं.

कायदा

प्रमाण ठरलं, तरी सक्ती नव्हती. १८८९च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात हा विषय घेतला. उपयुक्त काम करणाऱ्या कामगाराला युद्धातल्या सैनिकाइतका जीवाचा धोका असावा, ही आपल्या संस्कृतीला लाज आणणारी गोष्ट आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तरी कायदा व्हायला आणखी तीन वर्षं गेली. २ मार्च १८९३ला, पदावरून उतरायच्या दोनच दिवस आधी, हॅरिसन यांनी सही केली. कॉफिन तेव्हा सत्तरीला टेकला होता.

या कायद्याची भाषा मला एक इंजिनिअर म्हणून फार आवडते. त्यात जॅनीचं नाव नाही. कुठलं यंत्र वापरा ते सांगितलेलंच नाही. सांगितलंय काय, तर डबे धक्क्यानं आपोआप जोडले गेले पाहिजेत, आणि सोडवताना माणसाला दोन डब्यांच्या मधे जावं लागता कामा नये. म्हणजे निकाल ठरवला, पद्धत तुमची तुम्ही बघा. आणि दुसरं एक कलम : नियमाबाहेरच्या डब्यावर काम करताना कामगाराला इजा झाली, तर 'धोका माहीत असून काम घेतलंस' हा बचाव कंपनीला करता येणार नाही. ती पहिली भिंत इथे पडली.

कंपन्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. मग दोन वर्षं वाढवून. मग आणखी सात महिने. शेवटी १ ऑगस्ट १९००ला मुदत संपली.

चार दिवसांनंतर

५ ऑगस्ट १९००. मुदत संपून चार दिवस झालेत. ठिकाण, प्रॉमॉन्टरी, युटा. तेच सोन्याच्या खिळ्याचं गाव.

जॉन्सन नावाचा ब्रेकमन. त्याला हुकूम मिळाला, इंजिन गाडीपासून सोडव आणि बाजूला उभ्या असलेल्या भोजनयानाला जोड. इंजिनाला होता जॅनी कपलर. भोजनयानाला होता मिलर हुक. दोन्ही आपोआप जुळणारे, पण फक्त आपापल्या जातीशी. एकमेकांशी नाही. शेवटी जॉन्सनला मधे जावं लागलं. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये हात चिरडला आणि मनगटाच्या वर कापावा लागला.

तो कोर्टात गेला आणि खालच्या दोन्ही कोर्टांत हरला. युक्तिवाद काय होता माहितेय? इंजिनाला ऑटोमॅटिक कपलर आहे, डब्यालाही आहे, कायदा पाळला गेलाय. ते एकमेकांना जुळले पाहिजेत असं कुठे लिहिलंय? शिवाय कायदा 'डब्यां'बद्दल आहे, इंजिन म्हणजे काही डबा नव्हे!

आमच्याकडे याला म्हणतात, 'माझ्या मशिनवर तर चालतंय.'

१९०४च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. कायदा कशासाठी आहे? माणसाला मधे जावं लागू नये म्हणून. मग एकमेकांना न जुळणारे कपलर लावून तो कसा पाळला जाईल? आणि इंजिनही या कायद्यात येतं.

जॅनीच्या पेटंटला तोवर एकतीस वर्षं झाली होती.

कायद्याचा उपयोग झाला का? १८९३ साली कपलिंग करताना ४००हून जास्त कामगार ठार आणि ११,०००हून जास्त जखमी झाले होते. १९००पर्यंत, डबे आणि कामगार वाढलेले असूनही, जखमींचा आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. त्या सात वर्षांत ब्रेकमन काही दुप्पट सावध झाले नव्हते. डब्यांची तोंडं बदलली होती.

जाता जाता जपान. तिथेही ब्रिटिश पद्धतीचं कपलिंग होतं आणि तिथेही लोक मरत होते. त्यांनी काही वर्षं तयारी केली, नवे कपलर आधीच डब्यांखाली टांगून ठेवले, आणि १७ जुलै १९२५ला होन्शू बेटावर मालगाड्या थांबवून एका दिवसात सगळे डबे बदलले. तीन दिवसांनी क्यूशू. अशी तयारी असली की 'सगळ्यांना एकदम बदलणं शक्य नाही' हे कारण उरत नाही.

आपल्याकडे

आपली रेल्वे ब्रिटिशांनी आणली, त्यामुळे आपल्याकडे आलं त्यांचं स्क्रू कपलिंग. पुढच्या वेळी स्टेशनवर उभे राहाल तेव्हा बघा. जुन्या निळ्या डब्याच्या टोकाला दोन गोल बफर दिसतात आणि मधे लोंबणारा आकडा. तो जोडायला माणूस बफरखालून वाकून आत जातो. नव्या लाल एलएचबी डब्याला बफर नसतात, मधे एक लोखंडी मूठ असते. ती जॅनीच्याच घराण्यातली. जुन्या धाटणीचे डबे बनवणं आपण २०१८ साली थांबवलं, पण ते अजून धावतायत. आणि मूठ आपोआप जुळली तरी ब्रेकच्या हवेचे पाइप आजही हातानंच जोडावे लागतात. म्हणजे माणूस मधे जातोच. तेव्हा इंजिन हलता कामा नये, हे यंत्रानं नाही, एकमेकांना केलेल्या इशाऱ्यांनी ठरतं.

९ नोव्हेंबर २०२४ला बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डब्याच्या मधे काम करणारा एक रेल्वे कर्मचारी चिरडून गेला. तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तेव्हा व्हायरल झाला होता. त्यानंतर चर्चा कशाची झाली? चुकीचा इशारा कुणी दिला, याची. मला १८४२ आठवलं. इशारा चुकू शकतो. माणूस आहे, चुकणारच. एक इशारा चुकला की माणूस मरतो, अशी रचना का आहे, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कुणी विचारला नाही.

आणि हे फक्त रेल्वेचं नाही. रिव्हर्स येणारा डंपर, गोडाऊनमधला फोर्कलिफ्ट, कारखान्यातला प्रेस. सगळीकडे भिंतीवर पाटी असते, 'सुरक्षा आपल्या हाती'. पण माणसांची वाट आणि गाड्यांची वाट वेगळी केलीय का? मशीन दुरुस्त करताना स्विचला कुलूप लागतं का, आणि त्याची चावी दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असते का? पाटी लावायला खर्च येत नाही. बाकीच्याला येतो.

हा भाग लिहिताना मी मामाला फोन केला. मला एक गोष्ट माहीत होती, म्हणून विचारायचं होतं. चांगल्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. हाही जॅनीचाच विचार. मी विचारलं, "मामा, तुझ्या प्रेसला दोन बटणं नव्हती का?"

"होती की," तो म्हणाला. "एकाला तार बांधून ठेवलेली. कायम दाबलेलं."

"कुणी बांधली?"

"आम्हीच. पिसामागे पैसे मिळायचे ना. दोन बटणं दाबत बसलो तर दिवसाचा आकडा कसा निघणार?"

"आणि सुपरवायझर?"

"त्याला दिसत होतं की."

मी त्याला जॉन्सनची गोष्ट सांगितली. यंत्र दिलं होतं, पण ते चालेल अशी व्यवस्था दिली नव्हती. मग त्याला आणखी एक सांगितलं. आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या कुठल्या भागाला किती, असा तक्ता होता. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली असं धरायचं.

मामा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तर औषधपाण्याचे आणि वर महिन्याचा पगार दिलेला. मी म्हटलं, मालक चांगला आहे, चूक आपली असून देतोय."

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या घरात, शेजारी, असे हात असतील. एकदा विचारून बघा काय झालं होतं. आणि उत्तर 'माझीच चूक' असं आलं, तर तिथे थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा : मशीन कसं होतं?

भेटू पुढच्या भागात.